नागपूरहून किती दूर, किती वेळ : वाचनालयाच्या पाटीच्या नोंदी

२२ नोव्हेंबर २०२५

आमच्या वस्तीतल्या वाचनालयाच्या जिन्याजवळची भिंत रंगवून कोरी ठेवली आहे. तिथे सहा फूट बाय चार फुटांची पाटी लावायची ठरलं. मधोमध नागपूर, भोवती मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. प्रत्येक रेषेवर दोनच गोष्टी लिहायच्या: विमानाने किती अंतर आणि किती वेळ. सर्वेक्षण शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून काम माझ्याकडे आलं. मदतीला शेजारची दोन भावंडं आहेत, मोठी नववीत आणि धाकटा सहावीत.

धाकट्याने पहिल्याच बैठकीत विचारलं, "काका, मुंबई किती दूर हे तर सगळ्यांना माहीत आहे न जी?" मी म्हटलं, सांग मग. तो म्हणाला ८३७ किलोमीटर. रेल्वेच्या तिकिटावर वाचलं होतं. मोठी म्हणाली ७०१, समृद्धी महामार्गाचा आकडा. दोघंही बरोबर. रेल्वे भुसावळ, मनमाड, इगतपुरी करत घाट उतरते, तिचे ८३७ होतात. समृद्धी नागपूरजवळच्या शिवमडक्याहून निघून भिवंडीजवळ आमण्यात संपते, ते ७०१. हवेतलं अंतर या दोन्हींहून कमी भरणार. अंतर म्हटल्यावर कोणत्या वाटेने आणि कुठून कुठवर, हे आधी बोलून घ्यावं लागतं. वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलं: विमानतळ ते विमानतळ, पृथ्वीच्या पाठीवरून जवळात जवळच्या वाटेने.

मुंबईतलाही कोणता विमानतळ, हा प्रश्न आता आला आहे. उलव्याजवळच्या नवी मुंबई विमानतळाचं ऑक्टोबरात उद्घाटन झालं. तो आपल्याला १६-१७ किलोमीटरने जवळ पडतो. पाटीवर मात्र सांताक्रूझ-सहारचा जुनाच धरायचा. का, ते पुढे येईल.

२३ नोव्हेंबर

सकाळी मुलांना घेऊन झिरो माइलला, नागपुरातल्या जुन्या सर्वेक्षणाच्या खांबापाशी, गेलो. घोडे आणि खांब सगळ्यांनी पाहिलेले असतात, पण खांबावरचा मजकूर फार कमी लोक वाचतात. मैलांत अंतरं कोरलेली आहेत: हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३, सिवनी ७९. हा त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा, म्हणजे ज्या खात्याने साखळ्या आणि थिओडोलाइट घेऊन सगळा देश मोजला, त्या खात्याचा वारसा. खांबाजवळ उभं राहिलं की मला अजूनही भरून येतं.

मुलांना तिथेच हिशोब दिला. हैदराबाद ३१८ मैल म्हणजे ५१२ किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवली तर सरळ अंतर ४२३ च्या आसपास. म्हणजे रस्ता सरळ रेषेच्या १.२१ पट. जबलपूरचे १७० मैल म्हणजे २७४ किलोमीटर, सरळ २४३, पट १.१३. मोठीने लगेच विचारलं की जबलपूरचा रस्ता जास्त सरळ कसा, मध्ये तर सातपुडा आहे. मला उत्तर सुचलं नाही. प्रश्न चांगला आहे, वहीत लिहून ठेवला.

देशातली सगळी अंतरं इथूनच मोजली जात, असं सर्रास सांगितलं जातं. खांबावर मात्र आजूबाजूच्या गावांची रस्त्याची अंतरं आहेत. पाटीवर मी ते वाक्य लिहिणार नाही. नागपूर मध्यावर आहे की नाही, हे आपल्या चार आकड्यांवरूनच दिसेल.

२९ नोव्हेंबर

आज खरं गणित. विमानतळांचे अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदांत लिहून घेतले आणि मुलांकडून दशांशात करून घेतले. इथेच पहिली चूक निघाली. मोठीने नागपूरचे २१ अंश ५ मिनिटं ३२ सेकंद हे २१.०५ असे लिहिले होते. खरे होतात २१.०९२२, कारण अंशाची मिनिटं साठ असतात. फरक दिसायला छोटा, पण उत्तर-दक्षिण पावणेपाच किलोमीटरचा. विमानतळ चुकून वस्तीत येऊन बसला असता. तिने स्वतःच खोडून पुन्हा मांडलं. मी खोडरबर दिलं नाही, चूक वहीत दिसत राहिलेली बरी.

नागपूर २१.०९२२ उत्तर, ७९.०४७२ पूर्व. मुंबई १९.०८८७ उत्तर, ७२.८६७९ पूर्व. अक्षांशांतला फरक २.००३५ अंश, रेखांशांतला ६.१७९३. पण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा रुंद नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा, वर जाऊ तसा आक्रसत ध्रुवावर शून्य. हे मी मोसंबं कापून दाखवलं. सालीवर दोन फोडींच्या रेघा मध्यावर एकमेकींपासून लांब असतात आणि देठाशी एकत्र येतात. किती आक्रसतो ते कोसाइन सांगते. दोन गावांच्या मधला अक्षांश २०.०९, त्याची कोसाइन ०.९३९२. ६.१७९३ गुणिले ०.९३९२ बरोबर ५.८०३ अंश. आता काटकोन त्रिकोण: एक बाजू २.००३५, दुसरी ५.८०३, कर्ण ६.१३९५ अंश. एका अंशाला १११.१९५ किलोमीटर धरले, अंतर ६८२.७.

नंतर मी एकट्याने गोलाच्या हॅवरसाइन सूत्राने पडताळलं: ६८२.६. मोठीला दाखवलं तेव्हा ती कितीतरी वेळ दोन्ही आकड्यांकडे बघत बसली. "म्हणजे आमच्या पायथागोरसने पण चालते!" चालतं, या अंतरांना चालतं. कुठे चालत नाही ते पुढच्या शनिवारी.

एक सुंदर गोष्ट सांगायची राहिली होती, ती जाताजाता दाराशी सांगितली. ६.१३९५ ला साठने गुणलं की ३६८ येतात, तेच नॉटिकल मैल. अंशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर. वैमानिक आणि खलाशी हे माप का सोडत नाहीत, ते मुलांना न सांगता कळलं.

३० नोव्हेंबर

बाकीचे तीन आकडे मुलांनी घरी काढून आणले, मी तपासले. दिल्ली ८५४, चेन्नई ९०८, कोलकाता ९८५. सगळे बरोबर.

६ डिसेंबर

वाचनालयातला पृथ्वीगोल धूळ झटकून खाली काढला. सुतळी घेतली. मुंबईवर एक टोक, लंडनवर दुसरं, आणि ताणली. ताणलेली सुतळी जिथून जाते तेच बृहद्‌वृत्त, तीच जवळची वाट. मग भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर तीच दोन गावं पट्टीने जोडली. मुलांनी दोन्ही वाटा बघितल्या: गोलावरची सुतळी नकाशावरच्या पट्टीच्या बरीच उत्तरेकडून जाते. नकाशावरच्या सरळ रेषेने, म्हणजे होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर सुमारे ७,४०० किलोमीटर पडतात. सुतळीच्या वाटेने ७,२१२.

आणि गेल्या आठवड्याचा सपाट त्रिकोण? त्याने ७,५६७ आले. साडेतीनशे किलोमीटरची चूक. धाकट्याला हे फार लागलं, जणू पायथागोरसने फसवलं. पायथागोरस फसवत नाही, तो सपाट कागदाबद्दल बोलतो. नागपूर ते मुंबई एवढा पृथ्वीचा तुकडा जवळजवळ सपाट आहे, लंडनपर्यंतचा नाही. आता मोठीने हॅवरसाइन शिकायचा हट्ट धरला आहे. कॅल्क्युलेटरवर करताना कोन अंशांत आहे की रेडियन या दुसऱ्या मापात, ते प्रत्येक वेळी बघायला सांगितलं. पहिल्याच वेळी तिचं लंडन मुंबईपासून अडीचशे किलोमीटरवर आलं होतं.

७ डिसेंबर

पृथ्वी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. आपल्या पाटीला याने फरक पडतो का, ते काल रात्री बघितलं. आपल्याकडे उत्तर-दक्षिण अंश सरासरीपेक्षा आखूड, ११०.७ च्या आसपास. पूर्व-पश्चिम किंचित लांब. त्यामुळे उभ्या रेषा कमी होतात, आडव्या वाढतात. दिल्ली ८५४ ची ८५१, चेन्नई ९०८ ची ९०४, कोलकाता ९८५ ची ९८७, मुंबई ६८३ च राहिली. पाटीवर पाचाच्या पटीत लिहायचं ठरवलं: मुंबई ६८५, दिल्ली ८५०, चेन्नई ९०५, कोलकाता ९८५. विमान काही दोन विमानतळांमध्ये दोरी ताणून उडत नाही. त्याला नेमून दिलेले मार्ग आणि बिंदू असतात, लष्करी हद्दी टाळाव्या लागतात. ६८३.३ लिहिलं तर तो खरेपणाचा खोटा आव होईल.

१३ डिसेंबर

अंतर झालं. आता वेळ. मला वाटलं होतं एका दुपारचं काम आहे.

मुलांनी ६८५ ला ८३० ने भागलं आणि ५० मिनिटं लिहून आणली. हा ताशी ८३० चा वेग चुकीचा नाही. एअरबस ए-३२० साधारण ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट वेगाने उडते, आणि पस्तीस हजार फुटांवरच्या गारठ्यात तो ८३० च्या जवळ येतो. पण त्या वेगाने ते विमान किती वेळ उडतं, हा खरा प्रश्न आहे. मुलांना उलट्या टोकाकडून, मुंबईकडून मोजायला लावलं. उतरताना दर हजार फुटांना साधारण तीन नॉटिकल मैल लागतात, हा वैमानिकांचा जुना ठोकताळा. पस्तीस हजार फुटांना १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९५ किलोमीटर. म्हणजे विमान नाशिकच्याही अलीकडे, श्रीरामपूरच्या आसपास असतानाच खाली झुकायला लागतं. चढायला २०० ते २२० किलोमीटर जातात. अमरावती मागे टाकली तरी चढणं चालूच असतं. ६८५ मधून दोन्ही वजा केले तर पूर्ण उंचीवर, पूर्ण वेगाने उडण्याचे उरतात पावणेतीनशेच. आपल्या महाराष्ट्राच्या आडव्या पट्ट्यात विमानाला धाव घ्यायलाच जागा नाही, असं मोठी म्हणाली. अगदी तसंच.

तुकड्यांनी मांडलं. चढण वीस मिनिटं, सपाट उड्डाण वीस, उतरण बावीस. मुंबईजवळ रांगेत लागून धावपट्टीच्या रेषेत यायला आठेक मिनिटं. निघताना नागपुरात जिन्यापासून धावपट्टीपर्यंत दहा, मुंबईत उतरून जागेवर लागेपर्यंत दहा. बेरीज नव्वद. मुलांनी आणलेल्या ५० मिनिटांच्या जवळजवळ दुप्पट! विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबलं तिथवरच्या या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. तिकिटावर छापलेला वेळ हाच, वर विमान कंपनी उशिराची सोय म्हणून आणखी थोडी मिनिटं धरते.

१४ डिसेंबर

तुकड्यांवरून एक सोपा नियम काढता आला: अंतराला ताशी ८०० ने भागा आणि त्यात ४० मिनिटं मिळवा. मुंबई १ तास ३१, दिल्ली १ तास ४४, चेन्नई १ तास ४८, कोलकाता १ तास ५४. पाटीवर शेवटी पाच मिनिटांच्या पटीत.

मोठीने विचारलं, ४० मिनिटं सगळीकडे सारखी कशी? नसतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते आणि गर्दीच्या वेळी विमानं आकाशात घिरट्या घालत थांबतात. नागपूरला एकच धावपट्टी, ३,२०० मीटरची, आणि रांग अशी सहसा नसते. ही ४० मिनिटं अंतरातून येत नाहीत, दोन टोकांच्या गर्दीतून येतात. पाटीवर चाळीस मिनिटांची एक वेगळ्या रंगाची पट्टी काढायची ठरवली. जवळच्या गावाला ती वेळेचा केवढा मोठा भाग खाते, ते डोळ्यांना दिसलं पाहिजे.

२० डिसेंबर

वारा. मी मुद्दाम मागे ठेवला होता.

हिवाळ्यात उत्तर भारतावरून, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. नागपूर त्याच्या दक्षिण काठाशी. कोलकात्याची रेषा जवळजवळ आडवी, म्हणून तोच हिशोबाला घेतला. वारा नसेल तर ९८५ किलोमीटरला ८३० च्या वेगाने ७१ मिनिटं. शंभर किलोमीटरचा वारा पाठीशी असेल तर ६४. तोंडावर असेल तर ८१.

धाकटा म्हणाला, जाताना वाचले ते येताना गेले, बरोबरी झाली. मी काही बोललो नाही, बेरीज करायला सांगितली. ६४ आणि ८१ म्हणजे १४५. बिनवाऱ्याचे दोन फेरे १४२. तीन मिनिटं कुठे गेली? दोघं बराच वेळ भांडले. मग मोठीलाच उमगलं: उलटा वारा असताना विमान जास्त वेळ हवेत असतं, म्हणजे नुकसान जास्त वेळ चालतं आणि फायदा कमी वेळ. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी तीस वर्षं शिकवलं, तरी असा क्षण जुना होत नाही.

२७ डिसेंबर

आता माझ्या मनातलं. पाटीचं काम हातात घेतलं त्यामागचं खरं कारण हे आहे.

बाबा आर.एम.एस.मध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, टपालाची वर्गवारी करणारे सॉर्टर होते. त्या काळी रात्रीची हवाई टपाल होती. १९४९ मध्ये, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, ती सुरू झाली. संध्याकाळनंतर मुंबई, दिल्ली, कोलकाता, मद्रास या चार शहरांतून डाकोटा विमानं टपालाच्या थैल्या घेऊन निघत. चारही मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला, नागपूरच्या विमानतळावर, उतरत, थैल्यांची अदलाबदल होई, आणि प्रत्येक विमान आपापल्या शहरी परत जाई. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. माझ्या लहानपणी घरात रात्रीच्या विमानांची घरघर ऐकू यायची आणि आई म्हणायची, बाबांचं काम आलं.

हे खरोखर जमत होतं कसं, ते आपल्या चार आकड्यांवरून काढता येतं का? म्हणूनच मुंबईचा जुना विमानतळ धरला होता. वेग डाकोटाचा ताशी २५० धरला, चढ-उतारासाठी १५ मिनिटं. चौघांनाही रात्री साडेबाराला नागपुरात पोचायचं आहे, असं मानलं. मुंबईहून निघायचं साडेनऊला. दिल्लीहून ८ वाजून ५१ मिनिटांनी. चेन्नईहून ८:३८ ला. कोलकात्याहून ८:१९ ला. हे माझं गणित आहे, त्या वेळचं वेळापत्रक नव्हे. पण बघा: चारही शहरांत कचेऱ्या बंद होऊन दिवसाची टपाल गोळा झाल्यावरच विमान निघतं. अदलाबदलीला सव्वा तास दिला, पावणेदोनला परत निघाले, तर मुंबईचं पावणेपाचला घरी आणि कोलकात्याचं सहाच्या आत. पोस्टमन बाहेर पडायच्या आधी.

डाकोटाऐवजी हळू विमान असतं तर रात्र पुरली नसती. नागपूरऐवजी हैदराबाद धरून बघितलं, तर दिल्ली बाराशे किलोमीटरच्या पुढे जाते आणि रात्र मोडते. झिरो माइलच्या खांबावर जे लिहिलेलं नाही, ते या गणितात आहे. हा आपल्या गावाचा मान आहे आणि तो आकड्यांनी सिद्ध होतो. पाटीच्या खालच्या भागात याला जागा देणार. वाचनालयाच्या समितीला विचारून नाही, कळवून.

मोठीने वारा घालून बघितला. डाकोटा खालून उडायची, तिथे जेट प्रवाह नाही. हिवाळ्यात पश्चिमेचा ३० किलोमीटरचा वारा धरला. चढ-उताराची १५ मिनिटं सोडून कोलकात्याहून नागपूरला येताना ४ तास २९ मिनिटं, परत जाताना ३ तास ३१. एवढ्याशा वाऱ्याने तासाभराचा फरक! जेटला शंभराच्या वाऱ्याने सतरा मिनिटांचा पडला होता. हळू चालणाऱ्याला वारा जास्त लागतो.

३ जानेवारी २०२६

आईला कच्चा आराखडा दाखवला. ती शहाऐंशी वर्षांची आहे, चष्मा लावून कागद जवळ धरून सगळा वाचला. तासांचे आकडे तिला नको होते. तिने कोलकात्याच्या रेषेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "थंडीत कलकत्त्याच्या थैल्या मागून येत. तुझे बाबा म्हणत, तीन आले, चौथ्याची वाट पाहत बसलो. डबा तिथेच थंड व्हायचा."

मी तिला वाऱ्याबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं.

मोठी तिथेच होती. तिने आपली वही उघडून ४ तास २९ मिनिटांच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि आजीला विचारलं, "आजी, किती उशीर व्हायचा?" आई म्हणाली, "ते कुठं मोजलं बापा. चहा दोनदा व्हायचा."

११ जानेवारी

पाटी रंगवून झाली. पांढऱ्यावर निळ्या रेषा, चाळीस मिनिटांची पट्टी केशरी. अंतरं पाचाच्या पटीत, वेळा पाचाच्या पटीत, आणि दोन्हींपुढे "सुमारे". रंगाऱ्याने "सुमारे" गाळलं होतं, जागा पुरत नाही म्हणून. परत लिहायला लावलं. कोलकात्याच्या रेषेवर दोन वेळा आहेत, जातानाची आणि येतानाची, हिवाळ्यातल्या वाऱ्यासकट. खालच्या चौकोनात चार डाकोटा आणि सोनेगाव.

जबलपूरच्या रस्त्याचा प्रश्न वहीत तसाच आहे. मोठीने जुने टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचे तपशीलवार नकाशे, मागितले आहेत, उद्या कपाटातून काढून ठेवतो.